चढावर तापणारी जुनी डिझेल फोर-बाय-फोर: हेड उतरवण्याआधी केलेला तपास

पार्श्वभूमी

गाडी पंचवीसेक वर्षं जुनी, चासीवर बांधलेली फोर-बाय-फोर. चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स, आणि इंधन थेट सिलिंडरमध्ये न फवारता हेडमधल्या (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं इंजिनाचं झाकण) छोट्या प्री-चेंबरमध्ये फवारायची जुनी पद्धत. हा तपशील आधीच सांगून ठेवतो, कारण या इंजिनात जळण हेडमध्येच सुरू होतं आणि तिथली बरीच उष्णता लगेच इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात उतरते. डायरेक्ट इंजेक्शनच्या डिझेलपेक्षा यांच्या रेडिएटरला जास्त काम पडतं. शिवाय इंजिन तापलं तर हेडला दोन व्हॉल्व्हच्या मधल्या जागेत तडा जाण्याची भीतीही मोठी. म्हणून अशा गाडीचा तापमानाचा काटा वर गेला की मेकॅनिकच्या मनात सगळ्यात आधी हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि त्याखालचं इंजिन यांच्यामधला पातळ सील, येते, आणि पुष्कळदा ते बरोबरही निघतं.

मालकांनी गाडीत हौसेने भर घातली होती. टायर मूळ मापापेक्षा मोठे होते, छतावर कॅरिअर होता, पुढे जाड गार्ड आणि त्यावर दोन मोठे दिवे होते. वापर कच्च्या रस्त्यांवर, चिखलात, ओढ्यांतून. यातली प्रत्येक गोष्ट इंजिनाचं काम थोडं वाढवते किंवा रेडिएटरकडे जाणारी हवा थोडी अडवते. पण ही भर घातल्यावरही गाडी बराच काळ न तापता चालली होती, त्यामुळे सगळा दोष तिच्यावर टाकता येत नव्हता.

तक्रार नेमकी काय होती

“गाडी तापते” एवढ्यावर तपास सुरू करता येत नाही. कधी तापते, हेच आधी विचारावं लागतं, आणि मालकांना तोपर्यंत हे कुणी नीट विचारलंच नव्हतं. त्यांच्याशी बसून बोलल्यावर चित्र असं उभं राहिलं: सपाट रस्त्यावर मध्यम वेगात काटा अजिबात हलत नाही. गर्दीत अडकून कितीही वेळ इंजिन चालू राहिलं तरी हलत नाही. लांब चढावर, गाडी भरलेली असताना, आठ-दहा मिनिटांनी काटा वर सरकू लागतो. एसी चालू असेल तर लवकर. ॲक्सिलरेटर सोडला की दोन-तीन मिनिटांत खाली येतो. मोठ्या रस्त्यावर वेग बराच वेळ चढा ठेवला तरी थोडा वर जातो. तापल्यावर ओव्हरफ्लोच्या बाटलीतली पातळी वाढलेली दिसते.

पेट्रोल गाड्यांवर तयार झालेला एक ठोकताळा सगळ्यांना पाठ असतो: उभ्या गाडीत तापली तर पंखा, वेगात तापली तर रेडिएटर. डिझेलला तो अर्धाच लागू पडतो. डिझेल इंजिन नुसतं चालू असताना फार थोडं इंधन जाळतं, आणि त्या मानाने भरपूर थंड हवा आत ओढतं. कित्येक डिझेल इंजिनं थंडीत नुसत्या आयडलवर पुरेशी गरमही होत नाहीत. म्हणून गर्दीत काटा जागेवर राहिला, एवढ्यावरून पंखा चांगला आहे असं म्हणता येत नाही. पंख्याची खरी परीक्षा सावकाश चढावर होते. तिथे इंजिन पूर्ण ताकदीने राबत असतं आणि समोरून येणारी हवा मात्र कमी असते.

आधी झालेली कामं

गाडी आमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी काम झालं होतं. पहिल्या ठिकाणी थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) आणि रेडिएटरची कॅप बदलली. फरक पडला नाही, म्हणून वॉटर पंप बदलला. त्यानंतर चढावर गाडी आधीपेक्षा जास्तच तापू लागली. मग “थर्मोस्टॅट काढूनच टाकू, पाणी मोकळं फिरेल” असं ठरलं. तो काढल्यावर सपाटीवर हीटर कोमट वारा सोडू लागला, काटा मध्याच्या खाली राहू लागला, आणि चढावर तापणं तसंच राहिलं. दुसऱ्या ठिकाणी हा इतिहास ऐकून हेड गॅस्केट गेल्याचं निदान झालं आणि हेड उतरवायचा दिवसही ठरला. मालकांना फक्त एवढं हवं होतं, की हेडला हात लावण्याआधी आणखी कुणीतरी बघावं.

थर्मोस्टॅट काढल्यावरही चढावरचं तापणं तसंच राहतं, हे ऐकल्यावर बहुतेकांना वाटतं की थर्मोस्टॅट निर्दोष होता. ते तसंच असेल असं नाही. त्याकडे पुढे येतो.

निर्णयाची पहिली जागा: हेड उतरवायचं की नाही

समोर तीन वाटा होत्या. हेड उतरवून गॅस्केट बघायची, तडा तपासायचा, हेड प्लेन (घासून सपाट) करून घ्यायचं. किंवा रेडिएटर सरसकट बदलून बघायचा. किंवा काहीही न बदलता आधी मोजायचं. हेड उतरवणं हे मोठं आणि न परतवता येणारं काम आहे. जुन्या इंजिनात नट-बोल्ट तुटतात, प्लेन केल्यावर हेडची उंची कमी होते, आणि दोष दुसरीकडे असेल तर नवी गॅस्केटही त्याच उष्णतेत भाजते. म्हणून मोजायचं ठरलं. पण त्यालाही एक अट होती. तापणारी गाडी परत चढावर नेणं म्हणजे हेड धोक्यात घालणं. म्हणून आकडा आधीच ठरवला: ११२ अंशांवर चाचणी थांबवायची, भार काढायचा, हीटर पूर्ण उघडून इंजिन थोड्या चढ्या आयडलवर ठेवायचं. पाणी कुठून बाहेर पडताना दिसलं तर मात्र इंजिन तिथेच बंद.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबायचं नव्हतं. या काळातल्या बऱ्याच गाड्यांचे काटे मुद्दाम सुस्त केलेले असतात, म्हणजे बराच मोठा तापमानाचा पट्टा ते मध्यावरच दाखवतात. या गाडीत थर्मोस्टॅटजवळ वेगळा सेन्सर लावल्यावर दिसलं की साधारण ७८ ते १०२ अंशांपर्यंत काटा मध्यावरून हलतच नाही. म्हणजे मालकांना काटा सरकताना दिसायचा, तेव्हा इंजिन आधीच बरंच तापलेलं असायचं.

गॅस्केटचा तपास असा केला. थंड गाडीला हातपंपाने कॅपवर लिहिलेल्या ०.९ बारएवढा दाब दिला. पंधरा मिनिटांत काटा उतरला नाही, म्हणजे बाहेर गळती नव्हती. मग रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी. हा द्रव निळा असतो आणि जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड मिसळला की पिवळसर होतो. तो निळाच राहिला. पण डिझेलच्या बाबतीत एवढ्यावर मी कधीच थांबत नाही. आयडलवर डिझेलच्या धुरात कार्बन डायऑक्साइड मुळात कमी असतो आणि बारीक गळती भाराखालीच उघडते. निळा रंग बघून “गॅस्केट ठीक” म्हणणं घाईचं झालं असतं.

म्हणून हीटरच्या पाइपमध्ये टी जोडून दाबाचं मीटर बसवलं आणि ते केबिनमध्ये घेतलं. या चाचणीत दोन गोष्टी बघायच्या असतात. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून रेस दिली तर पाणी गरम होण्याआधीच दाब चढतो का? आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की तापमान न बदलता दाब उसळतो का? गॅस्केटमधून वायू पाण्यात जात असेल तर दोन्ही होतं. इथे थंड इंजिनावर दाब शून्यालाच राहिला. चढावर तो तापमानाच्या मागोमाग सावकाश वाढला आणि कॅपच्या दाबाशी जाऊन थांबला. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला तरी उडी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीची कॅप उघडली, तर फुस्स आवाज आला नाही. रेडिएटर काठोकाठ भरलेला होता आणि बाटलीतली पातळी मूळ खुणेवर परतली होती. सिस्टिममध्ये वायू शिरत असता तर पाणी बाटलीत ढकललं गेलं असतं आणि रेडिएटर रिकामा राहिला असता.

या टप्प्यावर हेडचं काम रद्द केलं. गॅस्केट कायमची निर्दोष ठरली असा त्याचा अर्थ नव्हता. तापण्याचं कारण ती नव्हती, एवढंच नक्की झालं होतं.

दोन टोकांचं तापमान

सगळ्या तपासात सर्वांत जास्त सांगून गेले ते रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या तोंडाचे आकडे. इन्फ्रारेड गन हाताशी होती, पण चकचकीत धातूवर ती चुकीचं, बहुधा कमी तापमान दाखवते. काळी टेप लावून तिच्यावर नेम धरला तर काम भागतं, तरी धावत्या गाडीत ती निरुपयोगीच. म्हणून दोन्ही तोंडांच्या धातूवर तारेचे सेन्सर बांधून वर फोमची पट्टी गुंडाळली आणि तारा आत आणल्या.

हिशेब सोपा आहे. इंजिनातून येणारी उष्णता तीच असेल तर पाणी जितकं कमी फिरेल तितका वरच्या आणि खालच्या तोंडात फरक जास्त पडतो, कारण थोडं पाणी रेडिएटरमध्ये जास्त वेळ रेंगाळून जास्त गार होतं. पाणी भरपूर फिरतंय पण उष्णता हवेत जात नाहीये, असं असेल तर दोन्ही तोंडं गरम राहतात आणि फरक लहान असतो. म्हणजे फरक मोठा दिसला तर पाण्याच्या बाजूला शोधायचं: पंप, थर्मोस्टॅट, तुंबलेल्या नळ्या, आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा पाइप. फरक लहान पण दोन्ही आकडे चढे दिसले तर हवेच्या बाजूला: जाळी, पंखा, काउल (पंख्याभोवतीचं आवरण), वाटेत आलेल्या वस्तू.

थर्मोस्टॅट नसलेल्या अवस्थेत, भरलेल्या गाडीत, बाहेर ३३ अंश असताना चढावर वर ११२ आणि खाली ९८ आले. फरक १४. एवढा फरक पाणी कमी फिरत असल्याचं सांगतो. पण पंप नवा, पट्टा घट्ट, खालच्या पाइपमधली स्प्रिंग जागेवर. मग पाणी जातंय कुठे?

थर्मोस्टॅटची तबकडी

मालकांनी जुने काढलेले भाग एका खोक्यात जपून ठेवले होते, आणि त्या खोक्याने आमचं निम्मं काम केलं. त्यात गाडीचा मूळ थर्मोस्टॅट होता आणि पहिल्या ठिकाणी बसवून नंतर काढून टाकलेला नवाही होता. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. वरून बघितलं तर जुळे भाऊ: तोच व्यास, तेच रबर, तोच ८२ चा शिक्का. उलटे केल्यावर फरक दिसला. मूळ थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला छोट्या स्प्रिंगवर बसलेली एक गोल तबकडी होती. नव्याला ती नव्हतीच, दांडा तिथेच संपत होता.

या इंजिनात ती तबकडी अत्यावश्यक आहे. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासच्या भोकातून परत पंपाकडे फिरतं. गरम झाल्यावर थर्मोस्टॅट वरून रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच हालचालीत खालची तबकडी बायपासचं भोक बंद करते. तबकडी नसेल, किंवा थर्मोस्टॅटच काढून टाकला असेल, तर भोक कायम उघडं राहतं. पाणी सोपी वाट धरतं. त्याचा मोठा हिस्सा गार न होताच इंजिनात परततो. सपाटीवर उष्णता कमी असल्यामुळे हे लक्षात येत नाही, उलट इंजिन थंड राहतं. चढावर मात्र उरलेलं पाणी पुरत नाही. थर्मोस्टॅट काढला की इंजिन गार राहील, हा समज अशा रचनेच्या इंजिनाचं नुकसान करतो. आणि थर्मोस्टॅट काढूनही तापणं थांबत नाही, हा तो निर्दोष असल्याचा पुरावा ठरत नाही, तो याचमुळे.

इथे निर्णयाची दुसरी जागा आली. तोवर आणखी दोन गोष्टी नजरेला आल्या होत्या. पंख्याभोवतीच्या दोन तुकड्यांच्या काउलचा खालचा अर्धा भाग गायब होता. तोही त्याच खोक्यात निघाला, वॉटर पंपाच्या वेळी काढला होता आणि एक कान तडकला म्हणून परत बसवला नव्हता. शिवाय रेडिएटरच्या खालच्या भागात चिखलाचा संशय होता. सगळं एकदम करून मोकळं व्हावं, अशी मालकांची इच्छा स्वाभाविक होती. तरी आधी फक्त थर्मोस्टॅट बदलायचा आणि पुन्हा मोजायचं, असा आग्रह मी धरला. कारण तीन गोष्टी एकत्र केल्या आणि गाडी अर्धवटच सुधारली, तर पुढे कुठे बघायचं हे कळलं नसतं.

तबकडीवाला योग्य थर्मोस्टॅट आणला. बसवण्याआधी पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसह तापवून पाहिला: ८२ च्या आसपास उघडायला लागला, ९५ च्या सुमारास पूर्ण उघडला. हवा सुटण्याचं बारीक छिद्र वर ठेवून बसवला, गाडीचं तोंड चढाकडे करून, हीटर उघडा ठेवून सिस्टिममधली हवा काढली.

पुन्हा तोच चढ, तेवढाच भार. वर १०८, खाली १००. फरक १४ वरून ८ वर आला. पाण्याचा प्रश्न सुटला होता. पण या आकड्यांची सरासरी बघा. आधी १०५ होती, आता १०४. म्हणजे तेवढीच उष्णता हवेत टाकायला रेडिएटरला अजूनही जवळपास तेवढंच तापावं लागत होतं. रेडिएटर आणि हवा यांच्यातली अडचण जशीच्या तशी होती, आणि मूळ दोष तोच होता. पहिल्या ठिकाणच्या दुरुस्तीने त्याच्यावर आणखी एक दोष चढवला होता.

रेडिएटर बाहेर काढल्यावर

पुढून बघितलं तर सगळं स्वच्छ. मालक प्रत्येक सफरीनंतर जोराच्या पाण्याने पुढून गाडी धूत असत. अडचण इथेच होती. पुढे एसीचा कंडेन्सर, मागे रेडिएटर, मध्ये बोटभर फट. पुढून मारलेल्या पाण्याने चिखल, गवताचं बी आणि किडे कंडेन्सरमधून पार होऊन फटीत जात आणि रेडिएटरच्या जाळीवर थापले जात. रेडिएटर काढला तेव्हा खालच्या तिसऱ्या हिस्स्यावर वाळलेल्या मातीचा सलग थर होता. गवताच्या काड्या त्यात रुतलेल्या. हाताने उचलला तर तो पत्र्यासारखा सुटून आला.

माती धुऊन टाकल्यावर प्रश्न संपेल असं वाटत होतं. रेडिएटर तांबं-पितळेचा होता. खालच्या निम्म्या भागातल्या पातळ तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट भुकटी दिसली, म्हणून एका पट्टीवर बोट टेकवलं. ती वाकली नाही, चुरगळली. शेजारची थोडी हलवली तर नळीवरून सरकली. नळी आणि पट्टी यांना जोडणारं डाग देणं गंजून सुटलं होतं. अशी पट्टी जागेवर दिसते, पण नळीची उष्णता तिच्यात येतच नाही. मातीचा ओलावा वर्षानुवर्षं तिथे टिकून राहिल्याचा हा परिणाम. मधल्या भागातही हे पसरलं होतं, फक्त वरचा पट्टा धड होता. आतल्या नळ्या मात्र बऱ्यापैकी मोकळ्या होत्या. १४ चा फरक तुंबलेल्या नळ्यांमुळेही पडू शकतो. तो इथे तसा नव्हता, याला नळ्यांनीही दुजोरा दिला.

पर्याय तीन: नळ्या साफ करून तोच परत बसवणं, जुन्याच टाक्या ठेवून नवी कोअर (नळ्या आणि पट्ट्यांचा मधला गाभा) घालून घेणं, किंवा प्लॅस्टिकच्या टाक्यांचा नवा ॲल्युमिनियम रेडिएटर. पहिला लगेच बाद झाला, कारण आजार नळ्यांच्या आत नव्हताच. ॲल्युमिनियमचा हलका असतो आणि कामाला चांगलाही असतो, पण खडबडीत वाटेवर चासी पिळवटते तेव्हा प्लॅस्टिकच्या टाकीच्या जोडावर ताण येतो आणि तो वाटेत दुरुस्त होत नाही. या गाडीचा वापर बघून नवी पितळी कोअर ठरली. कोअर बनवणाऱ्याने पट्ट्या अधिक दाट घालायचं सुचवलं होतं. कागदावर ती जास्त थंड करते. चिखलात मात्र दाट जाळी लवकर भरते आणि धुवायला अवघड जाते. मूळ घनतेचीच ठेवली.

पंख्याचं काय

चढावरच्या चाचण्यांत पंख्याचा वेगही प्रकाश फेकणाऱ्या टॅकोमीटरने पाहिला होता. गाडी चढावरून आल्याबरोबर, इंजिन गरम, पंपाची पुली २८०० आरपीएमवर, पंखा जेमतेम १३००. चांगला व्हिस्कस क्लच (पुली आणि पंखा यांना तेलाच्या पकडीने जोडणारा भाग) गरम झाल्यावर पंख्याला पुलीच्या वेगाच्या तीन चतुर्थांशाच्या पुढे नेतो. या आकड्यावर कुणीही क्लच बदलला असता.

आम्ही थांबलो, आणि या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय तो होता. व्हिस्कस क्लच पाण्याचं तापमान बघत नाही. त्याच्या तोंडावर दुहेरी धातूची पट्टी असते आणि ती रेडिएटरमधून येणाऱ्या हवेच्या तापमानावर चालते. हवा गरम लागली की पट्टी फिरते, आतलं झाकण उघडतं, सिलिकॉन तेल काम करायच्या जागी येतं आणि पंखा पकड घेतो. रेडिएटरच्या पट्ट्याच उष्णता सोडत नसतील तर पाणी १०८ ला असलं तरी क्लचच्या तोंडावर येणारी हवा तितकी गरम नसते. क्लचला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणजे मेलेला रेडिएटर निरोगी क्लचलाही आजारी दाखवू शकतो. क्लचवर तेल गळल्याच्या रेषा नव्हत्या, आणि थंड गाडी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात पंख्याचा घरघराट व्यवस्थित येत होता. म्हणून नवी कोअर बसेपर्यंत क्लचचा निकाल राखून ठेवला.

केलेलं काम आणि निकाल

नवी कोअर, काउलचा तडकलेला कान जोडून खालचा तुकडा जागेवर, हवा कडेने निसटू नये म्हणून कंडेन्सरच्या बाजूच्या रबरी पट्ट्या नीट बसवलेल्या. गार्डवरचे दोन दिवे जाळीच्या मध्यासमोरून हलवून कडेला. सिस्टिममध्ये तोवर गढूळ साधं पाणीच होतं. ते काढून, इंजिन आणि हीटरची वाट स्वच्छ होईपर्यंत धुऊन, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं भरलं. कूलंट त्याहून घट्ट ठेवण्यात शहाणपण नाही. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता उचलत नाही, त्यामुळे प्रमाण फार वाढवलं तर थंड करण्याची ताकद कमीच होते.

त्याच चढावर, तशाच हवेत, एसी चालू ठेवून वर ९५ आणि खाली ८७ आले, आणि तिथेच टिकले. फरक पुन्हा ८ च. सरासरी मात्र १०४ वरून ९१ वर उतरली होती. पंख्याचा वेग त्याच पुलीच्या वेगाला २२०० च्या पुढे गेला. क्लच निर्दोष निघाला, बदलावा लागला नाही. ब्रेक कुठे चिकटत नाहीत ना, हे उतरल्यावर चारही हबचं तापमान बघून तपासलं होतं, तिथे काही नव्हतं.

दाबाचं मीटर पुढचे काही आठवडे गाडीतच राहू दिलं. आधी कितीदा आणि किती तापली याचा हिशेब मालकांकडे नव्हता, आणि प्री-चेंबरच्या हेडमधला बारीक तडा उशिरानेही उघडतो. थंड इंजिनावर दाब चढताना दिसला नाही, कूलंट कमी झालं नाही. मग ते मीटर काढलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या ठिकाणी थर्मोस्टॅट बदलताना जुना आणि नवा शेजारी धरून उलटसुलट पाहिले असते, तर गाडीत दुसरा दोष शिरलाच नसता. वॉटर पंपाला तर कोणतंच कारण नव्हतं: तो गळत नव्हता, त्याच्या बेअरिंगला आवाज नव्हता. तो बदलताना काउलचा तुकडा बाहेर राहिला आणि चढावरची हवा आणखी कमी झाली. काम झाल्यावर तापणं वाढलं, ही खूण त्याच दिवशी मागे जाऊन बघण्यासारखी होती. नंतरच्या प्रत्येकाने मात्र ती इंजिनात काहीतरी गंभीर झाल्याची खूण मानली.

आमच्या क्रमातही एक मर्यादा आहे. कोअर आणि काउल एकाच वेळी बसले, कारण काउल रेडिएटरलाच बसतं आणि त्याचा कान जोडून यायला वेळ लागला. त्यामुळे ९१ पर्यंत उतरण्यात काउलचा वाटा किती, हे आमच्या आकड्यांतून सांगता येत नाही. सावकाश चढावर तो बराच असावा असा माझा अंदाज आहे, पण तो अंदाजच. वेळ असता तर जुन्या रेडिएटरवर काउल बसवून एकदा मोजायला हवं होतं.

रेडिएटरची जाळी बोटाने चाचपून बघणं हे काहीही न उघडता होणारं काम आहे. काउलचा खालचा भाग नव्हताच, म्हणजे खालून हात सहज पोचत होता. थर्मोस्टॅटच्या आधी ते केलं असतं तर मूळ दोष लवकर दिसला असता, पण मग १४ वरून ८ झालेला फरक दिसला नसता आणि तबकडी नसल्याची गोष्ट कदाचित दबलेलीच राहिली असती. कोणता क्रम बरा, यावर आमच्यातच दोन मतं आहेत.

मालकांनी धुण्याची पद्धत बदलली आहे: कमी दाबाचं पाणी, इंजिनाच्या बाजूने पुढे, आणि वर्षातून एकदा कंडेन्सर मोकळा करून मधली फट साफ. सुस्त काट्याशेजारी खरं तापमान दाखवणारं मीटर कायमचं बसवलं आहे. त्यावर १०० दिसले की एसी बंद, १०५ दिसले की एक गिअर खाली घेऊन ॲक्सिलरेटर हलका करायचा, म्हणजे पंप आणि पंखा वेगाने फिरतात आणि इंधन कमी जळतं, असं आमचं त्यांच्याशी ठरलं आहे.